न खोडलेली ओळ

आल्गोत काकाला फक्त एक जन्मसाल हवं होतं.

“चार आकडे, गुनवोर,” तो फोनवर म्हणाला. “बाकी दगड तयार आहे. मोन्सचं मरणसाल कोरून झालंय, जन्मसालाची जागा कोरी ठेवलीय. दफ्तरखान्यात जा आणि चार आकडे घेऊन ये.”

“कधीपर्यंत?”

“शनिवारी दुपारी दगडावरची चादर काढायची आहे. आता तूच ठरव.”

तो सोमवार होता, ऑगस्टचा दुसरा आठवडा. दर तीन वर्षांनी आमचं स्कार्प कुळ तोर्सारीदला जमतं. जंगलाच्या कडेला जिथे मोन्स स्कार्पचं शिपाईघर होतं, तिथे आता पायाचे चार दगड आणि आवळ्यासारख्या आंबट फळांची तीन झुडपं उरली आहेत. तिथेच खुर्च्या मांडतात, कॉफी होते, गाणी होतात. या वर्षी नव्वद जण येणार होते, कारण या वर्षी दगड होता.

काका चौऱ्याऐंशी वर्षांचा. बेचाळीस वर्षं ग्रॅनाइटच्या खाणीत अक्षरं कोरण्याचं काम केलेला माणूस. तोर्सारीदच्या दफनभूमीतले निम्मे दगड त्याच्या हातचे आहेत. काकू गेल्यावर त्याने छिन्नी खाली ठेवली होती, ती गेल्या हिवाळ्यात पुन्हा उचलली. पाच महिने शेडमध्ये बसून त्याने कोरलं: मोन्स स्कार्प, शिपाई क्रमांक ६१, आमचा मूळपुरुष. मागच्याच आठवड्यात ट्रॅक्टरने दगड नेऊन जागेवर उभाही केला होता.

घरातली जुनी कागदपत्रं बघायचं काम माझ्याकडे कसं आलं, त्याला विशेष काही कारण नाही. मी एकतीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाची तपासणी केली. “तुला बारीक बघायची सवय आहे,” असं म्हणून सगळ्यांनी वंशवृक्षाची गुंडाळी माझ्या हातात दिली होती. वृक्ष काकाच्या वडिलांनी काढलेला. मी त्यात लग्नं आणि बाळं तेवढी भरत होते. मुळाकडे कधी गेले नव्हते. मुळाबद्दल कुणाला शंकाच नव्हती. मोन्सला तीन मुलं, नील्स, स्तीना आणि निपुत्रिक गेलेला योनास. नील्सकडून आम्ही, म्हणजे स्कार्प आडनावाचे. स्तीनाकडून सिग्ने आत्या आणि तिची मंडळी.

सिग्ने आत्या ही आमची सख्खी आत्या नव्हे, पण म्हणायचं आत्याच. वय एकोणऐंशी, गावच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिचं आणि काकाचं गेली तीस वर्षं एकच भांडण चालू होतं.

“तू मुलीकडची,” काका दर मेळाव्यात म्हणायचा. “नाव आमच्याकडे आलं. स्कार्प म्हणजे धारदार. ती धार रक्तातून येते, सिग्ने, लग्न करून जाणाऱ्याबरोबर जात नाही.”

“धार?” आत्या म्हणायची. “तुझी फक्त छिन्नी धारदार आहे, आल्गोत. तिलाही धार बायको लावून द्यायची.”

मंगळवारी सकाळी मी दफ्तरखान्यात मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसले. मला घरवह्या बघायच्या होत्या. त्या काळी पाद्री वर्षातून एकदा प्रत्येक घरची परीक्षा घ्यायचा. घरधन्यापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना पुढ्यात बसवून वाचायला लावायचा, धर्माची प्रश्नोत्तरं विचारायचा आणि वहीत शेरे मारायचा. एका घराला एक पान, एका माणसाला एक ओळ. कुणी मेलं किंवा गाव सोडून गेलं की पाद्री ती ओळ खोडायचा आणि नवा माणूस आला की खाली नवी ओळ लिहायचा. बाराचौदा वर्षांत पान भरलं की नवी वही.

एकसष्ट क्रमांकाचं शिपाईघर वीस मिनिटांत सापडलं. मोन्स स्कार्प, जन्म १७५५. वाचन: जेमतेम. मी चार आकडे लिहून घेतले आणि कॉफी प्यायला उठले.

दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आमच्या वंशवृक्षावर नील्सचं जन्मसाल होतं १७६६. ते काकाच्या वडिलांनी नील्सच्या मृत्यूच्या नोंदीवरून घेतलेलं होतं, त्यात चूक नव्हती.

म्हणजे मोन्स अकराव्या वर्षी बाप झाला होता.

प्रयोगशाळेत एखादा आकडा अशक्य आला की आधी स्वतःच्या हातावर संशय घ्यायचा, मग भांड्यावर, मग यंत्रावर आणि सगळ्यात शेवटी दुधावर. मी जन्माची वही मागवली. मोन्स, जानेवारी १७५५. आकडा स्वच्छ, शाई ठसठशीत. मग सैन्याच्या हजेरीपटाची फिल्म मागवली. तिथे लिहिलं होतं: मोन्स स्कार्प, १७८९ साली रशियाच्या लढाईत तापाने मृत. त्याच्या जागी १७९० साली नील्स योहानसन, शेजारच्या चर्चच्या हद्दीतला शेतमजूर, भरती. नाव दिलं स्कार्प.

नाव दिलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे शाळेतही शिकवतात. काही शेतं मिळून एक शिपाई पोसायची, त्याला घर आणि जमिनीचा तुकडा द्यायची. पलटणीत दहा नील्स योहानसन असायचे, म्हणून प्रत्येकाला एक छोटं नाव मिळायचं. पुष्कळ ठिकाणी ते नाव त्या घराशीच जोडलेलं असायचं. जुना शिपाई गेला की नव्याला घर, कुदळ, कोट आणि नाव असं सगळं एकदम मिळायचं. दुसऱ्यांच्या घराण्यात नाव सारखं म्हणून बापलेक मानण्याची ही चूक मी स्वतः दोनदा दाखवून दिली होती. आपल्या घरात ती असेल असं कुणाला वाटतं?

तर आम्ही मोन्सचे कुणीच नव्हतो. मोन्सचं रक्त होतं ते स्तीनाकडे, म्हणजे सिग्ने आत्याकडे. आणि काकाने पाच महिने खपून, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ग्रॅनाइटवर आत्याचा मूळपुरुष कोरला होता.

मी घरी आले. उकडलेले बटाटे आणि मुरवलेला मासा पुढ्यात होता, पण खावंसं वाटेना. काकाला १७५५ सांगितलं असतं तर काम झालं असतं. वजाबाकी करणारं दुसरं कुणी कुळात नव्हतं. पण तो दगड तिथे पाचशे वर्षं राहणार होता. काकाने आयुष्यात एकही चुकीचं अक्षर कोरलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो आपल्या मुलांच्या नावांआधी सांगायचा. शेवटच्या दगडावर चूक ठेवून त्याला फसवायचं की त्याला खरं सांगून शनिवार मोडायचा, हे मला ठरवता येईना. सकाळी बसने पुन्हा दफ्तरखान्यात गेले. नमुना तिसऱ्यांदा तपासायचा असतो.

बुधवारी मी लग्नाची वही काढली. नील्सने कुणाशी लग्न केलं ते पाहावं, निदान आपल्या बाजूची बाई तरी नीट लिहून घ्यावी, एवढाच हेतू होता. नोंद लगेच मिळाली. १७९१. शिपाई नील्स स्कार्प, एकसष्ट क्रमांक. वधू: मोन्स स्कार्पची विधवा, केर्स्टिन पेर्सदोत्तर.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग घरवहीच्या त्याच पानावर परत गेले, जे काल फक्त मोन्ससाठी पाहिलं होतं.

पहिली ओळ मोन्सची, खोडलेली. दुसरी ओळ: बायको केर्स्टिन पेर्सदोत्तर, जन्म १४ मार्च १७६२. देवी येऊन गेलेल्या. वाचन: उत्तम. तिसरी ओळ मुलगी स्तीना. मग नील्स, आणि पाद्र्याने कंसासारखी एक रेघ ओढून त्याला वरच्या केर्स्टिनला जोडलेलं. तिची ओळ नव्याने लिहायची त्याला गरजच वाटली नव्हती. त्याखाली मुलगा पेटर, १७९३. म्हणजे आमचा पेटर.

मी पुढच्या वह्या काढल्या. १८०९ साली नील्सची ओळ खोडलेली, लढाईवरून परत आलाच नाही. समोर केर्स्टिनबद्दल बारीक अक्षरात पाद्र्याची टीप: परीक्षेला आली नाही, नवरा वारला. पुढच्या वर्षी: आली, उत्तम वाचते. आणि त्याच वर्षी तिसरा शिपाई, योनास स्कार्प, वय पंचवीस. पुन्हा तीच रेघ, पुन्हा केर्स्टिनलाच जोडलेली. आमच्या वंशवृक्षावर हा योनास नील्सचा धाकटा भाऊ म्हणून बसला होता. केर्स्टिन तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

शिपाई मेला की त्याच्या बायकोला घर सोडावं लागे. नव्या शिपायाने तिच्याशीच लग्न केलं तर घर राहायचं, गाय राहायची, पोरं राहायची. केर्स्टिनने ते दोनदा जमवलं होतं. लग्नापासून मरेपर्यंत, १७८३ ते १८३८, पंचावन्न वर्षं. चार वह्या. पुरुषांच्या ओळी येत होत्या, खोडल्या जात होत्या. तिची ओळ मरेपर्यंत कुणी खोडली नाही.

यंत्र बंद करून मी चारही पानांच्या छापील प्रती मागितल्या आणि त्या टेबलावर पुन्हापुन्हा लावत बसले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, “काही वाईट निघालं का?”

“नाही,” मी म्हटलं, “आजी निघाली.”

गुरुवारी सकाळी काकाकडे गेले. तो अंगणात बसून वेलचीचा पाव कॉफीत बुडवत होता.

“चार आकडे?” त्याने हात पुढे केला.

मी त्याला सगळं सांगितलं. आधी वजाबाकी, मग हजेरीपट, मग वह्या. पाव कॉफीत विरघळून गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“म्हणजे मी मोन्सचा नाही,” तो शेवटी म्हणाला.

“नाही.”

“आणि सिग्ने आहे.”

“आहे.”

“हे तिला माहीत आहे?”

“अजून नाही.”

“मूळपुरुष,” तो म्हणाला. “नऊ दिवस लागले त्या एका शब्दाला. पुसता येत नाही, गुनवोर. ग्रॅनाइट आहे तो, पाद्र्याची वही नव्हे.”

“मी शनिवारी सांगेन सगळ्यांना. चूक वडिलांच्या वृक्षात होती, तुझी नव्हती.”

“कोरली मी.” त्याने कप खाली ठेवला. “ती बाई. तिचं पुन्हा सांग. तीन नवरे, आणि एकच घर?”

“एकच घर.”

“आणि स्तीना तिची, पेटरही तिचाच.”

“दोघंही तिचेच. सिग्ने आत्या आणि आपण, सगळे तिचे.”

काका उठला. गुडघे धरून, टेबलाचा आधार घेत, पण उठला. “नाव किती अक्षरांचं?”

“काका, परवा शनिवार आहे.”

“किती अक्षरांचं, ते विचारलं मी.”

“केर्स्टिन सात. पेर्सदोत्तर दहा.” आमच्या लिपीत तेवढीच होतात.

“सतरा,” तो म्हणाला. “दगडाची मागची बाजू तशीच खडबडीत आहे, पण एक पट्टा सपाट करता येईल. माझा चष्मा शोध. आणि त्या वहीतलं तिचं नाव कसं लिहिलंय ते मला कागदावर काढून दे. पाद्र्याने लिहिलंय तसंच. आता मी कुणाच्या वृक्षावर विश्वास ठेवत नाही.”

गुरुवारी त्याने पट्टा घासला आणि चार अक्षरं कोरली. शुक्रवारी सात. मी शेजारी बसून पाण्याने भुकटी धूत होते. दुपारी त्याच्या उजव्या हाताला पेटके आले, तेव्हा तो अर्धा तास झुडपाखाली आडवा झाला. मला वाटलं, आता थांबेल. डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, “त्या पंचवीस वर्षांच्या पोराला ती आवडली असेल का गं?”

“वहीत तसा रकाना नाही, काका.”

“असायला हवा होता.”

शनिवारी सकाळी दगडावर लिहिलेलं होतं: केर्स्टिन पेर्स. सहा अक्षरं बाकी, आणि अकरा वाजता नव्वद माणसं येणार.

सिग्ने आत्या सगळ्यांच्या आधी आली, साडेदहाला, हातात स्ट्रॉबेरी आणि सायीचा भलामोठा केक घेऊन. सगळ्या खुर्च्या दगडाच्या पुढच्या बाजूला मांडलेल्या होत्या आणि काका मागच्या बाजूला गुडघे टेकून ठोकत होता.

“आल्गोत, तू उलट्या बाजूला आहेस,” ती म्हणाली. “म्हातारपण असं सुरू होतं.”

काकाने छिन्नी थांबवली. माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण त्याने हात वर केला.

“मोन्स तुझा आहे, सिग्ने,” तो म्हणाला. “माझा नाही. तीस वर्षं मी तुला मुलीकडची म्हणालो. मुलीकडेच होता तो. आम्ही म्हणजे त्याच्या जागी आलेल्या शेतमजुराचे. नावसुद्धा मिळालेलं, घराबरोबर, कुदळीबरोबर.”

आत्या केक धरून तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काय उमटलं ते मी नीट पाहिलं. विजय होता तो, अगदी स्पष्ट, पण फार टिकला नाही.

“म्हणजे आपलं काही नातंच नाही?” ती म्हणाली.

“आहे. हिच्यामुळे.” त्याने छिन्नी दगडाकडे रोखली. “तुझी स्तीना हिची आणि माझा पेटरही हिचाच.”

“हरे राम,” असं आमच्यात कुणी म्हणत नाही, पण आत्या जे म्हणाली त्याचा अर्थ तोच होता. “म्हणजे आहेच का नातं! क्षणभर सुटले असं वाटलं होतं मला.”

काका हसला. गुरुवारनंतर पहिल्यांदाच. मग मी तिला सगळं सांगितलं, योनासपर्यंत.

“अठ्ठेचाळीस आणि पंचवीस?” ती म्हणाली. “शाबास गं बाई! गुनवोर, हे आधी सांगायचं होतंस. हे त्या तोफेपाशी मेलेल्या मोन्सपेक्षा कितीतरी बरं आहे.”

“तोफेपाशी नाही, आत्या. तापाने.”

“त्याहून बरं मग.”

अकरा वाजता माणसं यायला लागली. आत्याने शाळेच्या आवाजात हुकूम सोडला, “सगळ्या खुर्च्या मागच्या बाजूला! उचला, ओढू नका, गवत खराब होतं!” नव्वद माणसं आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन, चादर घातलेली पुढची बाजू तशीच सोडून, दगडाला वळसा घालून गेली. माल्मोहून आलेल्या एका नातवाने विचारलं की हा दर वेळचाच विधी आहे का, आणि कुणीतरी हो म्हणून सांगितलं.

मी भाषण करणार होते. तीन कागद लिहिले होते. पण समोर काका ठोकत होता आणि त्याच्या ठोक्यांमध्ये बोलणं जमेना, म्हणून चार वह्यांच्या छापील प्रती लोकांच्या हातात दिल्या आणि एवढंच म्हटलं, “दुसरी ओळ बघा. प्रत्येक पानावर तीच बघा.” लोक डोकी जुळवून बघत बसले. पान इकडून तिकडे फिरत होतं. “ही बघ.” “अजून आहे.” “इथेही आहे!” कुणीतरी मोठ्याने वाचलं, “वाचन: उत्तम,” आणि पुढच्या पानावर दुसऱ्याने, “वाचन: उत्तम,” आणि तिसऱ्या पानाला सगळे एकदम ओरडले. तिन्ही नवऱ्यांचे शेरे वाचल्यावर हशा पिकला. जेमतेम, जेमतेम आणि बरा नाही.

“धार कुठून आली ते कळलं आता,” आत्या म्हणाली.

“तू गप्प बस,” काका म्हणाला, “आणि त्या बाजूला उभी राहा. ऊन समोरून येतंय, मला कडा दिसत नाही.”

कडेने उजेड आला तरच अक्षराची खोली दिसते. आत्याने केकचा रिकामा ट्रे उचलला आणि उन्हाच्या आड धरला. हात दुखला की हात बदलायची, पण ट्रे हलू दिला नाही. केक कधीच वाटून संपला होता. कॉफीचं पहिलं भांडं संपलं, दुसरं आलं. कुणीही घरी जायचं नाव काढेना. चार अक्षरं झाली, मग काकाने हात झटकले आणि पाच मिनिटं मांडीवर ठेवून बसला.

“दम खा,” आत्या म्हणाली. “ती पंचावन्न वर्षं थांबली, आम्ही पाच मिनिटं थांबतो.”

“ट्रे खाली करू नकोस.”

“केलाय का मी?”

शेवटचं अक्षर पावणेचारला झालं. काकाने तळहाताने भुकटी पुसली. मी पाणी ओतलं. ओल्या दगडावर सतरा अक्षरं काळी उमटली, आणि माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली, टाळ्या वाजवत, काही जण रडत, लहान पोरं कशासाठी ते न कळता उड्या मारत.

“तारखा?” मी काकाच्या कानाशी वाकून विचारलं. “१७६२ ते १८३८?”

त्याने दगडाकडे पाहिलं, मग आत्याकडे. ट्रे अजून तिच्या हातात तसाच होता.

“पुढच्या मेळाव्याला कोरू, मोन्सच्या चार आकड्यांसकट,” तो म्हणाला. “सिग्ने, तू सत्त्याऐंशीची होशील का तोपर्यंत?”

“ब्याऐंशीची, गाढवा. सत्त्याऐंशीचा तू होशील.”

“मग ये,” काका म्हणाला. “ट्रे घेऊन ये.”